स्वमग्न मूल आणि पाळण्याची रांग

२०२४ सालच्या मे महिन्यातील एका रविवारी माझी भाची, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुले एका मोठ्या मनोरंजन-उद्यानात गेली होती. थोरली मुलगी दहा वर्षांची, धाकटा मुलगा सहा वर्षांचा. मुलगा स्वमग्न आहे. ज्या अवस्थेला ऑटिझम म्हणतात ती जन्मतःच त्याच्या वाट्यास आली आहे. पहाटे घर सोडून, तिकिटांपोटी काही हजार रुपये मोजून हे कुटुंब अकराच्या सुमारास आत शिरले आणि बारा वाजण्यापूर्वीच बाहेर पडले. पहिल्याच पाळण्याच्या रांगेत वीस-पंचवीस मिनिटे उभे राहिल्यावर मुलाने दोन्ही कान दाबून धरले. मग तो जमिनीवर आडवा झाला आणि किंचाळू लागला. मागे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय. एक चपराक द्या, म्हणजे गप्प होईल." तेथील कर्मचाऱ्याने "रांग अडवू नका," एवढेच सांगितले. परतीच्या वाटेवर कोणी कोणाशी बोलले नाही. घर जवळ आल्यावर थोरल्या मुलीने फक्त एक प्रश्न विचारला, "आई, आपण कधीच कुठं जायचं नाही का?"

भाचीने ही हकिगत मला सांगितली तेव्हा तिला मुलाच्या किंचाळण्याचे फारसे दुःख नव्हते. त्याची तिला सवय झाली आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यापाशी नव्हते. खरे पाहता ते उत्तर एकट्या आईने द्यावयाचेही नाही. त्यातील काही भाग घराने द्यावयाचा आहे, काही उद्यानांच्या चालकांनी, काही शाळांनी आणि उरलेला आपण सर्वांनी.

करमणूक हा चैनीचा प्रश्न आहे काय?

येथे कोणी सहजच असा आक्षेप घेईल की, ज्या राज्यात स्वमग्न मुलांसाठी पुरेशा शाळा नाहीत, निदान होण्यातच वर्षे जातात, तेथे पाळण्यांची आणि झुल्यांची चर्चा कशाला? आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु खेळ ही मुलांच्या आयुष्यातील उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट नव्हे. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक करारातील तिसाव्या कलमात अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळ आणि करमणूक यांत भाग घेता आला पाहिजे, असे स्पष्टपणे नमूद आहे. आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम आणले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्थान दिले. याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाचा विषय संस्कृती आणि करमणूक हा आहे. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नाही. कायद्याने मान्य केलेल्या हक्काचा आहे.

शिवाय, हा हक्क नाकारला गेला म्हणजे तो एकट्या मुलाला नाकारला जात नाही. ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्या घराचे लग्नकार्यांना जाणे हळूहळू थांबते, मग नातलगांकडे जाणे थांबते, मग सहली थांबतात. भावंडांचे बालपण कोणी न बोलता आखडले जाते. दहा वर्षांच्या मुलीचा तो प्रश्न या आखडण्यातून आलेला होता.

उद्यानाची रचना आणि मुलाची घडण

बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले. त्या मूळ निबंधातील तीन गोष्टी आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. या मुलांना परिचित क्रमात झालेला बदल असह्य होतो, असे त्यांना दिसले. मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांची त्यांना भीती वाटते, हेही दिसले. आणि त्याच मुलांपैकी काहींना गोल फिरणाऱ्या वस्तूंचे विलक्षण वेड असते, हेही त्यांनी नोंदविले. निदानाच्या अमेरिकन नियमपुस्तिकेत संवेदनांच्या या अतितीव्रतेला किंवा मंदपणाला निकष म्हणून स्थान मिळण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

आता उद्यानाकडे पाहू. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले आणि एका कल्पनेभोवती गुंफलेल्या उद्यानांचे युग सुरू झाले. आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पू घर आले, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आले. या साऱ्यांच्या मुळाशी तत्त्व एकच : आलेल्या माणसाची सर्व इंद्रिये एकाच वेळी भारून टाकावयाची. संगीत, दिवे, तळणीचा वास, वेग, अंधारातून अचानक येणारा आवाज, मुखवटे घातलेली माणसे. सर्वसाधारण मूल यांतून आपल्याला हवे ते घेते आणि बाकीचे नकळत गाळून टाकते. अनेक स्वमग्न मुलांना हे गाळणेच साधत नाही. त्यांच्या कानी भोंगा, पंख्याची घरघर आणि आईची हाक ही सारी सारख्याच जोराने येऊन आदळतात. म्हणजे कॅनर यांना जे जे भीतीचे कारण दिसले ते ते सारे येथे तिकीट लावून एकत्र केलेले असते. आणि तरीही गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा येथेच असतो. मूल येथे येऊ इच्छिते आणि येथे टिकू शकत नाही, ही त्याची खरी अडचण आहे.

म्हणूनच रांगेतील त्या बाईंचे निदान चुकीचे होते. हट्ट करणारे मूल समोरच्याकडे पाहत असते. हवे ते मिळाले की हट्ट संपतो. येथे मुलाला काही मिळवावयाचे नव्हते. त्याच्या सहनशक्तीचा बांध फुटला होता, आणि चपराकेने फुटलेला बांध सांधत नाही. आईला दोष देण्याची ही रीत मात्र जुनी आहे आणि एके काळी ती विद्वानांचीही होती. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात स्वमग्नतेचे मूळ आईच्या थंडपणात शोधले. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच या विचाराचे खंडन करून ही मेंदूच्या घडणीची बाब असल्याचे मांडले होते. शास्त्राने तो दोषारोप केव्हाच टाकून दिला. रांगेत तो अद्याप उभा आहे.

सहलीचा आराखडा

पहिल्या फजितीनंतर भाचीने प्रयत्न सोडला नाही, याचे श्रेय तिच्या मुलीला आहे. २०२५ च्या जानेवारीत ही मंडळी पुन्हा त्याच उद्यानात गेली. परंतु त्यापूर्वी दोन महिने तयारी चालली होती. ती तयारी येथे काहीशी विस्ताराने सांगतो, कारण ती कोणत्याही घराला जमण्याजोगी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

प्रथम दिवस ठरविला : मंगळवार. सुट्टीचा हंगाम नाही, जोडून आलेली सुट्टी नाही, फाटक उघडते त्या वेळी हजर. त्यासाठी बँकेत कारकून असलेल्या भाचीने किरकोळ रजा टाकली आणि मुलीची शाळा एक दिवस बुडाली. मग उद्यानाच्या कार्यालयास आधी पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या : कोणते पाळणे त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असतील, गर्दीपासून दूर बसण्यास जागा कोठे आहे आणि घरचा डबा आत नेऊ द्याल काय. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व बाहेरच्याला कळणे कठीण आहे. हा मुलगा चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नाही. दहीभाताचा डबा फाटकावर अडविला गेला तर सहल तेथेच संपते.

त्यानंतर तयार झाली एक वही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून राज्यभर जो उपक्रम चालविला त्याचा पाया असा आहे की, स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना कानाने ऐकलेल्यापेक्षा डोळ्याने पाहिलेले अधिक नीट उमगते. म्हणून दिवसाचा क्रम त्यांच्यापुढे चित्रांत मांडावा. कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास याच दिशेने पुढे जाऊन, येणाऱ्या प्रसंगाची छोटी गोष्ट मुलासाठी आधीच लिहून ठेवण्याची पद्धत रूढ केली. आमच्या घरच्या वहीत बारा पाने होती आणि चित्रे थोरल्या बहिणीने काढली होती. पहिल्या पानावर घराचे दार, मग गाडी, फाटक, हातावर बांधावयाची पट्टी, रांग, झुकझुक गाडी, दहीभात, आणि बाराव्या पानावर पुन्हा घराचे दार. रांगेच्या पानाशेजारी एक कोरे पान मुद्दाम ठेवले होते. त्यावर बहिणीने लिहिले होते, 'कधी कधी पाळणा बंद असतो. मग आपण दुसरा बघतो.' दोन महिने रोज रात्री ही वही वाचली गेली.

तिसरी तयारी सरावाची. कारखान्यातील कामगार वापरतात तसली कान झाकणारी टोपणे आणून ती रोज दहा मिनिटे घरीच घालावयाची सवय लावली. कारण गर्दीत प्रथमच डोक्यावर चढविलेली वस्तू हा स्वतःच एक नवा त्रास ठरतो. जवळच्या गावच्या जत्रेत, गर्दी होण्यापूर्वी, हाताने फिरविण्याचा लाकडी पाळणा लांबून दाखविला. दुसऱ्या दिवशी जवळून. थांबण्याचा सराव वाळूच्या घड्याळाने केला : प्रथम एक मिनिट, मग तीन, मग पाच. 'थांब' हा शब्द या मुलाला अनंत वाटतो. खाली पडणारी वाळू मात्र संपताना दिसते.

चौथी बाब सुरक्षिततेची, आणि तेथे हयगय परवडत नाही. स्वमग्न मुले क्षणात हात सोडून निघून जातात, आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते; त्यामुळे मूल हरवलेच तर प्रथम पाण्याच्या दिशेने धावावे, हा नियम पालकांनी मनावर कोरून ठेवावा. सदऱ्याच्या आतील बाजूस दूरध्वनी क्रमांकाची पट्टी शिवावी, सदरा भडक रंगाचा असावा, निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतील छायाचित्र काढून ठेवावे. दोन मोठ्या माणसांपैकी एकाने केवळ या मुलाकडे पाहावे, दुसऱ्याने केवळ भावंडाकडे. दोघांनी दोघांकडे पाहावयाचे ठरविले म्हणजे प्रत्यक्षात कोणाकडेच लक्ष राहत नाही.

आणि शेवटची बाब माघारीची. मुलाने कान दाबले, चालण्याची गती बदलली, एकच शब्द पुनःपुन्हा येऊ लागला, की वाद न घालता सावलीत जावयाचे. तरीही निवले नाही तर घरी निघावयाचे. हे आधीच ठरलेले असल्यामुळे नवरा-बायकोत तेथे बोलाचाली होत नाही आणि मुलालाही ती शिक्षा वाटत नाही.

त्या मंगळवारी काय झाले? मुलगा झुकझुक गाडीत तीन वेळा बसला. घोड्यांच्या पाळण्यात तो बसला नाही; परंतु अर्धा तास लांब उभा राहून त्याने तो पाहिला, आणि ते पाहणे हीच त्याची करमणूक होती, हे घरच्यांनी ओळखले. झाडाखाली दहीभात झाला. वडिलांबरोबर थोरलीने दोन मोठे पाळणे केले. साडेबाराला मंडळी बाहेर पडली. तिकिटाचा पैसा वसूल झाला काय, असे एका शेजाऱ्याने विचारले. वसुलीचा हिशेब पाळण्यांच्या संख्येवर करावयाचा असेल तर झाला नाही.

रॉकेलचा डबा

परंतु ही कथा येथे संपविली तर ती एका कर्तबगार आईची स्तुती होऊन बसेल, आणि तो माझा हेतू नाही. मंगळवारी रांग लहान होती म्हणून हे जमले. रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाला मंगळवार मिळत नाही. घराने जे करावयाचे ते सारे केल्यावरही रांग उरतेच.

रांग मोडू नये, हे आपल्या नागरी जीवनातील मोजक्या सर्वमान्य नीतिनियमांपैकी एक आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र आपल्या पिढीला रांगेचा दुसराही एक नियम ठाऊक आहे. रेशनच्या दुकानापुढे रॉकेलसाठी रांगा लागत तेव्हा माणसे उभी नसत. डबे उभे असत. कोणी पिशवी ठेवी, कोणी दगड ठेवी. डब्याचा मालक घरी जाऊन स्वयंपाक उरकून येई आणि त्याच्या डब्याचा नंबर कोणी नाकारीत नसे. कारण त्यात कोणावर अन्याय नव्हता. थांबावयाचे तेवढे तो थांबतच होता. फक्त तेथे उभा नव्हता.

स्वमग्न मुलासाठी जगात जी सोय निघाली ती नेमकी हीच आहे. डिस्नेच्या अमेरिकन उद्यानांत पूर्वी अपंग पाहुण्यांना एक साहाय्यपत्र मिळत असे, आणि त्यावर बहुधा थेट प्रवेश होई. २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी उघडकीस आणले की, काही श्रीमंत कुटुंबे तासाला सुमारे १३० डॉलर मोजून अपंग व्यक्तींना 'मार्गदर्शक' म्हणून भाड्याने घेतात आणि त्यांच्या आधाराने रांग टाळतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने पद्धत बदलली. आता पाहुण्याला परत येण्याची वेळ मिळते. त्या क्षणी रांग जेवढ्या मिनिटांची असेल साधारण तेवढ्याच मिनिटांनंतरची. मधला वेळ त्याने सावलीत काढावा. थोडक्यात, रांगेत डबा उभा राहतो.

या व्यवस्थेने सर्वांचे समाधान झाले असे नव्हे. आमचे मूल अशा प्रकारेही थांबू शकत नाही, असे सांगत अनेक पालक २०१४ पासून न्यायालयात गेले. २०२० मध्ये फ्लोरिडातील न्यायालयाने एका स्वमग्न तरुणाच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. २०२४ मध्ये सवलतीची व्याप्ती आणखी आवळून ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्थांपुरती ठेवण्यात आली, तेव्हा अन्य प्रकारचे अपंग नाराज झाले. म्हणजे श्रीमंत देशातही हा हिशेब पूर्ण जुळलेला नाही. तरीही त्यातून आपणास घेण्याजोगा धडा स्पष्ट आहे. सवलत म्हणजे पुढे घुसण्याची मुभा असेल, तर तिच्यासाठी खोटी प्रमाणपत्रे निघतील. तशी प्रकरणे आपल्याला अपरिचित नाहीत. सवलत म्हणजे केवळ दुसऱ्या जागी थांबण्याची मुभा असेल, तर लबाडीला फारसे आमिष उरत नाही आणि रांगेतील इतरांचे काही जात नाही. अगदीच न थांबू शकणाऱ्या थोड्या मुलांचा निर्णय तेथील अधिकाऱ्याने तारतम्याने घ्यावा.

आपल्याकडे काय करता येईल?

अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे गॉर्डन हार्टमन या गृहस्थाने २०१० साली आपल्या अपंग मुलीच्या नावाने एक संपूर्ण उद्यानच उभारले, आणि तेथे अपंगांना प्रवेशमूल्य नाही. एका पोहण्याच्या तलावावर इतर मुले आपल्या मुलीशी खेळण्याऐवजी पाण्याबाहेर निघून गेली, हा प्रसंग त्याच्या मुळाशी होता. प्रत्येक शहराला असे उद्यान परवडणार नाही. परंतु आहेत त्या उद्यानांत परत येण्याच्या वेळेची चिठ्ठी देण्यास कागद आणि घड्याळ याखेरीज काय लागते? भोंग्यांपासून दूर एक सावलीची खोली, घरच्या डब्यास परवानगी, त्याच दिवशी पुन्हा आत येण्याची मुभा, कोणत्या पाळण्यात अंधार आहे आणि कोणत्यात अचानक आवाज होतो याचा मराठीतील फलक, आठवड्यातून एक सकाळ कमी आवाजाची : यांतील एकही गोष्ट महाग नाही. अपंगत्व म्हटले की उतरता चौथरा बांधला म्हणजे कर्तव्य संपले, असे आपण समजतो. स्वमग्न मूल त्या चौथऱ्यावरून धावत वर जाते. त्याचा अडथळा पुढे असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या पानाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. मोठी उद्याने दूर राहोत. शाळेची सहल प्रत्येक मुलाच्या वाट्यास येते. अनेक स्वमग्न मुलांच्या पालकांना त्या आठवड्यात वर्गशिक्षकांचा निरोप येतो : 'त्या दिवशी मुलास घरी ठेवलेले बरे.' निरोप बहुधा दुष्टपणाने दिलेला नसतो. पन्नास मुलांची जबाबदारी एकट्या शिक्षकावर असते. तरीही घरी ठेवण्याऐवजी पालकांपैकी एकाला बरोबर यावयास सांगता येईल. आठ दिवस आधी स्थळाची चार छायाचित्रे वर्गात दाखविता येतील. आणि वर्गातील इतर मुलांना हे सांगता येईल की, आपला हा सोबती कान झाकतो त्याचे कारण काय. ज्या मुलांनी हे शाळेत ऐकले आहे ती मोठेपणी रांगेत उभी राहून चपराकेचा सल्ला देणार नाहीत.

भाचीच्या घरी ती वही अजून आहे. मुलगा ती बहुतेक रोज उघडतो आणि झुकझुक गाडीच्या पानावर बोट ठेवतो. तो बोलत नाही. त्यामुळे त्या बोटाचा अर्थ आठवण असा घ्यावा की मागणी असा घ्यावा, हे घरात कोणाला निश्चित सांगता येत नाही. बहिणीचे मत ती मागणी आहे असे आहे, आणि तिने पुढचा मंगळवार शोधण्यास आरंभ केला आहे. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर आपण जेवढा विश्वास ठेवीत होतो, तेवढा या मुलावर ठेवण्यास आपली तयारी आहे काय, एवढाच प्रश्न आता आपल्यापुढे आहे.